वंशावळीत सुजाता

३० जुलै

आज सकाळी सुजाता दारात आली आणि मी मोरीत शिरून कडी लावली. नळ सोडून ठेवला, आंघोळ चालू आहे असं वाटावं म्हणून. ग्रामपंचायतीचा पाणीवाला मी. अठरा वर्षं गावाला पाणी वाया घालवू नका म्हणून सांगतोय, आणि आज लपण्यासाठी दोन बादल्या वाहून दिल्या.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. शोभा म्हणाली, "आंघोळीला गेलेत." सुजाता म्हणाली, "वहिनी, दादा चारला आंघोळ करून व्हॉल्व्हवर जातो. ही दुसरी आंघोळ कशाची?" दोघी हसल्या. मी आत कोरडा उभा. वय एकोणपन्नास.

ती गेल्यावर शोभा म्हणाली, "वंशावळीची झेरॉक्स मागून राहिली. प्रज्ञाच्या टायमाला केलेली. देऊन टाका ना."

शोधतो म्हणालो. शोधायचं काय त्यात. पत्र्याच्या पेटीत अगदी वर आहे.

१ ऑगस्ट

नीट लिहून काढतो. लिहिल्याशिवाय मला विचार करता येत नाही.

ग्रामपंचायतीच्या आरक्षण सोडतीत आमचा वॉर्ड तीन अनु. जाती महिला निघाला. निवडणूक दिवाळीनंतर म्हणतात. सुजातानं उभं राहायचं ठरवलंय. त्याला जातीची व्हॅलिडिटी, म्हणजे वैधता प्रमाणपत्र, लागतं. व्हॅलिडिटीला घरातल्या कुणाची तरी आधीची लागते, म्हणजे आमच्या लेकीची, प्रज्ञाची, आणि वंशावळ. नांदेडची जात पडताळणी समिती जुनी फाईल काढून ताडून बघते.

प्र.ची वंशावळ मी तीन वर्षांपूर्वी तालुक्याला, उमरीला केली, तिच्या नर्सिंगच्या ॲडमिशनच्या वेळी. वर आजोबा, मग बाबा, बाबांच्या खाली दोन मुलगे. एक मी. दुसरा दोन वर्षांनी लहान, बावीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. अर्ज भरणारा म्हणाला, "भाऊ कुठं हायत?" माहीत नाही म्हणालो. "मग त्यांचा आधार, दाखला कुठून आणता? मयत लिहा. झंझट मिटते. लई लोकं लिहितात."

लिहिलं. शपथपत्रावर. साक्षीदार म्हणून आईचा अंगठा घेतला. काय लिहिलंय ते वाचून दाखवलं नाही. ती म्हणाली, "झालं का रे?" झालं म्हणालो.

आठ महिन्यांनी तो मयत माणूस साडी नेसून दारात उभा राहिला. आईचं खुब्याचं हाड मोडल्याचं कुणाकडून तरी कळालं होतं. लातूरला क्लासच्या पोरींच्या मेसमध्ये स्वयंपाक करायची, ते सोडून आली. आम्ही सगळे दगडासारखे. आईनं मात्र तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "किती वाळलीस गं माय." संपलं. पुढं दीड वर्ष, आई जाईपर्यंत, तिचं सगळं सुजातानंच केलं. आता अंगणापलीकडं आईच्याच खोलीत राहते.

मी खोटं लिहिलेलं मला रोज आठवतं असं नाही. पण रोज सकाळी विहारात पंचशील म्हणतो, त्यात चौथं येतं. खोटं बोलणार नाही. तिथं आवाज आपोआप बारीक होतो.

६ ऑगस्ट

ग्रामपंचायतीत टीव्ही चालू होता. दिल्लीतल्या तृतीयपंथीयांच्या कायद्यावर वाद. माणसानं स्वतः सांगितलं की आपण कोण, ते पुरे, की डॉक्टरांच्या समितीनं तपासून ठरवायचं. चौकटीत सहाजण, सहाही जण एकदम बोलत होते.

ऑफिसातले लगेच सुरू. "उद्या मी भी म्हणतो मी बाई. वॉर्ड तीन माझा." दुसरा म्हणाला, "म्हण की. आधी आठ दिवस हापश्यावरून डोक्यावर पाणी आणून दाखव." हशा. मी रजिस्टर लिहीत बसलो. आपलं माणूस असलं की विनोद कळतो, हसू येत नाही.

९ ऑगस्ट

आज व्हॉल्व्हवर कमलताईनं गाठलं. ही बाई विनोद करणारी नाही. बारा वर्षं बचत गट चालवते, गावातली दारू तिनं बंद केली. वॉर्ड तीन महिला निघाला तेव्हा सगळे धरूनच चालले होते, कमलताई उभी राहणार.

म्हणाली, "उत्तमभाऊ, सुजाताचं मला वावडं न्हाई. माझ्या सुनेच्या बाळंतपणाला रात्रभर नांदेडच्या दवाखान्यात तीच बसली होती. पण बाईच्या नावानं खुर्ची येते ती किती वर्षांनी. मागच्या टायमाला आली तर बाई घरात अन् नवरा खुर्चीत. आता कुठं आमच्या हाताला लागून राहिली. मला चौथीतून काढलं, काहून? पोरीची जात म्हणून. सुजाताला कुणी काढलं का पोरगी म्हणून? मग पोरगी म्हणून भेटणारं तिला काहून द्यायचं?"

मी वॉर्ड तीनचा व्हॉल्व्ह सोडला.

संध्याकाळी आठवलं. सुजाताला शाळेतून कुणी काढलं नाही हे खरं. आठवीत पोरांनी तिचं जे केलं त्यामुळं ती स्वतःच जायची थांबली. तेव्हा मी त्याच शाळेत दहावीत होतो. पोरांच्या घोळक्याजवळून सायकल ढकलत निघून गेलो होतो.

हे कमलताईला सांगायला हवं होतं का? की ते सांगणं म्हणजे माझीच

राहू दे.

१२ ऑगस्ट

सुजाता: "दादा, सापडली का?"
मी: "बघून राहिलो."
सुजाता: "पेटी एक. किती दिवस बघणार?"

१७ ऑगस्ट

प्र.ला फोन केला. तिसऱ्या वर्षाला आहे लातूरला. सगळं सांगितलं.

"आत्या मयत? पप्पा, तुम्ही असं लिहून दिलं?"

हो म्हणालो.

"आता दुरुस्त केलं तर माझी व्हॅलिडिटी जाईल का?"

माहीत नाही म्हणालो.

मग बारीक आवाजात, "माझं दीड वर्ष राहिलंय. मी पास झाल्यावर करता येणार न्हाई का?"

लेकराची चूक नाही. पाया मी घातला, घर तिचं.

२८ ऑगस्ट, पौर्णिमा

वर्षावासाचं ग्रंथवाचन संपल्यावर आज विहारातच विषय निघाला. बायका पांढऱ्या साड्यांत पुढं, आम्ही दहा-बारा बाप्ये मागं भिंतीला. सुजाता बायकांतच, दुसऱ्या ओळीत.

कमलताई उभी राहिली. "तोंडावर बोलते. मागून बोलायची सवय मला न्हाई." आणि व्हॉल्व्हवर मला बोलली ते सगळं पुन्हा बोलली.

कुणीतरी म्हणालं, टीव्हीवर सांगून राहिले, डॉक्टर तपासणार अन् मग ठरणार. तशी रुक्मिणकाकू पेटली. साठीची बाई. "कुणाला तपासणार? मला तपासा. माझी पिशवी काढून नऊ वर्षं झाली. मग सांगा, मी बाई का बाप्या?"

सगळ्या हसल्या. कमलताई हसली नाही. "काकू, होती म्हणून तर काढली ना. तिच्यापायी जलमभर काय सोसलं? तेच तर म्हणून राहिले मी."

हसणं थांबलं.

सुजाता बसूनच बोलली. "ताई, ते मी सोसलं न्हाई. खोटं काहून बोलू. पाळी न्हाई, बाळंतपण न्हाई. मी दुसरं सोसलं, ते तुम्ही सोसलं न्हाई. ह्याचं माप कोण काढणार? माझ्या कार्डावर तृतीयपंथी लिहिलंय. मी म्हणते मी बाई. तरी चालंल, तृतीयपंथीयाची जागा कुठल्या गावात हाय ते सांगा, तिथून उभी राहते."

मग एक नवी सून, कधी सभेत न बोलणारी. "सुजाताआत्याचं ठीक हाय, आपल्या ओळखीची. पण नुसत्या सांगण्यावर असंल तर उद्या कुणी भी बाप्या कागद करून बायकांच्या न्हाणीत येईल. आम्ही कुणाकुणाची खात्री करायची?"

"तो आला तर पहिली चप्पल माझी," सुजाता म्हणाली. पुन्हा हसणं.

"हसू नका. मी खरंच विचारून राहिले."

सुजाता तिच्याकडं वळली. मग म्हणाली, "खरंय गं. तुझी भीती खोटी न्हाई. त्याचा बंदोबस्त कायद्यात नीट करा म्हणावं, मी पण तुझ्यासंगं मागते. पण त्यानं उद्या करायच्या गुन्ह्याची शिक्षा मला आज देऊ नका."

कुणी जिंकलं नाही. पण कुणी उठूनही गेलं नाही. शेवटी सरणत्तय गाथा म्हटली, खीर वाटली. सुजातानं कमलताईला वाटी दिली, तिनं घेतली.

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. सगळ्या बायका भांडत होत्या, ही कोण आहे म्हणून. आणि ती मुळात नाहीच असं शपथेवर लिहून दिलेला माणूस मागं बसला होता. हात जोडून.

३० ऑगस्ट

सांगितलं.

दुपारी सुजाताच्या खोलीवर गेलो. ओट्यावर मेथी निवडत होती. वंशावळीची झेरॉक्स तिच्या हातात दिली. चष्मा लावून वाचली. बोट खाली खाली आलं, थांबलं.

"मयत."

मग म्हणाली, "पुण्यानुमोदन केलंस का न्हाई मग माझं? गाव जेवलं का? खीर होती का?"

तिला वाटलं असेल मी हसेन. मला हसू आलं नाही. मग तिलाही येईना. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"जा दादा. पाणी सोडायचा टाइम झाला."

३ सप्टेंबर

खोलीला कुलूप. शोभा म्हणाली, लातूरला गेली मैत्रिणीकडं. शोभाला आता सगळं माहीत आहे, सुजातानंच सांगितलं. माझ्याशी बोलते, पण ताट वाढून आत निघून जाते.

७ सप्टेंबर

आली. सकाळी विहार झाडत होतो, तिथंच आली. चप्पल काढून पायरीवर बसली.

"एकच विचारते. आईला ठाऊक होतं का? तिचा अंगठा हाय त्याच्यावर."

"न्हाई. मी वाचून दाखवलं न्हाई तिला."

"बाबासाहेबांच्या फोटोकडं बघून सांग."

बघून सांगितलं.

तिनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मग झालं. दीड वर्ष तिचं अंग पुसलं मी. ती ठाऊक असून गोड बोलत होती काय, हेच आठ दिवस डोक्यात. तुझं काय ते मी बघून घेईन."

झाडू हातातून घेतला आणि उरलेली पायरी झाडली.

जाताना म्हणाली, "वहिनीनं सांगितलं, प्रज्ञाची सीट अडचणीत येईल म्हणून. असं असंल तर मला उभं राहायचं न्हाई. लातूरला पोरींना जेवायला वाढलंय मी. रडत रडत अभ्यास करतात. पोरीचं शिक्षण मोडून मेंबर होऊ का? विषय संपला."

८ सप्टेंबर

विषय संपला म्हणाली तेव्हा मला आधी बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच झालं. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आज पंचशील म्हणताना चौथ्याला थांबलो. मागचे पुढं निघून गेले.

१३ सप्टेंबर

कमलताई घरी आली. चहा नको म्हणाली, उभ्यानंच.

"सुजाता माघार घेऊन राहिली म्हणे. काहून?"

शोभानं माझ्याकडं बघितलं. मी सांगून टाकलं. वंशावळ, मयत, आईचा अंगठा. आता कुणापासून लपवायचं.

कमलताई खाली बसली.

"जिती बाई मेली म्हणून लिहून दिली?"

"हो."

"भाऊ, माझा बाप गेला तव्हा माझ्या भावानं वारसात माझं नाव घातलंच न्हाई. तलाठ्याला म्हणला, बहीण न्हाईच मला. मी इथं नांदून राहिले अन् तिथं मी जन्मलेच न्हाई. ह्या वस्तीत घरटी एक तरी अशी हाय. कुणाकडून हक्कसोड लिहून घेतलं, कुणाला नुसतं उडवलं. आम्हाला वाटायचं सुजाताला हे काय कळतंय." मग एकदम हसली. पहिल्यांदा हसताना बघितली. "भावानं कागदावरून उडवली म्हणजे पक्की बाईच निघाली की ती!"

शोभा पण हसली. मला खाली बघावं लागलं.

दारात थांबून म्हणाली, "तिचा हक्क हाय का न्हाई ते अजून मला पटलं न्हाई. ते साहेब ठरवतील, कोर्ट ठरवंल. पण अशी बिनविरोध मला नको. तिचं नाव लाव कागदावर. मग येऊ दे समोर. पाडतेच तिला."

१६ सप्टेंबर

नांदेडला वकीलबाईंकडे गेलो. तरुण आहेत, नीट बोलल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात:

महिलांच्या जागेचं वेगळं, वंशावळीचं वेगळं. जागेचं निवडणूक अधिकारी बघतील, हरकत आली तर कोर्ट. कायदाही बदलत्या स्थितीत आहे, आज ठामपणे काही सांगता येणार नाही. वंशावळ मात्र तुमच्या हातातली.

"खोटं लिहिलंत ते खोटंच. पण जात खोटी नाही. स्वतःहून दुरुस्ती दिलीत तर नोटीस येऊ शकते, तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. मुलीचं काही होणार नाही असं मला वाटतं. लिहून देऊ शकत नाही. दुसऱ्या कुणी शोधून काढलं तर मात्र जास्त अडचण."

'वाटतं' हा शब्द घेऊन एसटीत बसलो. उमरीपर्यंत तोच.

१७ सप्टेंबर

प्र.चा फोन, तिचा तिनंच केलेला.

"पप्पा, आत्याचा फोन आला होता. मला म्हणाली, तू अभ्यास कर, माझं काही नको. तवापासून मला अभ्यासच होईना. वॉर्डमध्ये पेशंटचं नाव विचारतो आम्ही, तर काय सांगतील तेच लिहितो. अन् माझ्या फाईलमध्ये माझी आत्या मेलेली." मग, "मला भीती वाटते. पण मी येते. माझी पण सही लागंल ना?"

ती रडत होती की काय, कळालं नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ व्हॉल्व्हच्या खड्ड्याशेजारी बसून राहिलो. वॉर्ड दोनला आज वीस मिनिटं जास्त पाणी गेलं.

१८ सप्टेंबर

सुजाता ऐकेना. "नोटीस आली तर? तुझी नोकरी ग्रामपंचायतीची. शपथपत्राचं प्रकरण वाढलं तर?"

म्हणालो, "तू उभी राहा नाहीतर राहू नको. ते तुझं. नाव मी लावणार, ते माझं."

शाळेत सायकल ढकलत निघून गेलो तेही बोललो. तिला आठवत होतं. म्हणाली, "माझ्याकडं बघितलं होतंस तू." शोभानं हाक मारली जेवायला, तिघं एकत्र जेवलो.

२४ सप्टेंबर

प्र. आली. उमरीला चौघं गेलो. शपथपत्राचा मजकूर वकीलबाईंनी करून दिला होता, पण वंशावळीचा तक्ता हातानं भरायचा. मी भरला. अक्षर पहिल्यासारखं राहिलं नाही. बाबांच्या खाली दोन रेघा. एका रेघेखाली मी. दुसरीखाली सुजाता, शेजारी शाळेतलं जुनं नाव, तेही लिहावंच लागतं. त्यापुढं: हयात.

नात्याच्या रकान्याशी अर्ज भरणारा थांबला. हा दुसरा होता, तो जुना नाही. "भाऊ लिहा मामा. शाळेच्या रेकॉर्डला मुलगा हाय. बहीण लिहिलं तर समिती विचारंल."

"विचारू दे. बहीण हाय."

प्र.नं सुजाताचा हात धरला होता. साक्षीदार म्हणून शोभानं सही केली. आधी मोठ्यानं सगळं वाचून दाखवलं मी तिला, पहिल्या ओळीपासून. आजूबाजूचे लोक बघत होते. बघू देत.

२५ सप्टेंबर

नांदेड. समितीच्या कार्यालयात एकटाच गेलो. बाकीच्यांना यायचं होतं, नको म्हणालो. पहिलं मी एकट्यानंच केलं होतं.

रांगेत दोन तास. पुढची मुलगी ॲडमिशनसाठी आलेली, सारखी कागद मोजत होती. तिला म्हणालो, "घाई करू नको माय, नीट वाचून दे." माझ्याकडं विचित्र बघितलं.

खिडकीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, परत वाचला. "हे तुम्ही स्वतःहून देताय? पूर्वीच्या शपथपत्रात चुकीची माहिती दिली म्हणून?"

"चुकीची नाही साहेब. खोटी. तसंच लिहिलंय."

"फाईल निघेल. मुलीची पण. नोटीस येऊ शकते. घरी विचार करून उद्या आणा पाहिजे तर."

"विचार झाला."

"निवडणुकीसाठी करताय का? महिलांच्या जागेचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. वरून काय येतं ते बघावं लागेल."

"त्याच्यासाठी न्हाई," म्हणालो. थोडं त्याच्यासाठीही आहे, पण एवढं खिडकीत कुठं सांगणार. मागं रांग होती.

त्यांनी शिक्का मारला, पोच दिली. बाहेर येऊन सुजाताला फोन केला. मागं मिक्सर चालू होता, कमलताईचा आवाज येत होता, गटाची काहीतरी चटणी. "दिला," म्हणालो. "काय म्हणाले?" "नोटीस येईल म्हणाले." "मग?" "मग काय. दिला."